ठणठणीत आहे, साहेब

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना सगळे पूलवाले म्हणत. सैन्यात ते पूल बांधायचे. नदीवर लोखंडी पूल टाकायचा, फौज पलीकडे गेली की तो पुन्हा सुटा करून गाड्यांवर चढवायचा, असं काम. एकदा पूल जोडताना साखळी तुटली आणि पुलाचा लोखंडी गर्डर त्यांच्या मांड्यांवर आला. क्रेन येईपर्यंत दुपार कलली. पाय वाचले, पण चेंगरलेल्या स्नायूंचं विष रक्तात उतरलं आणि किडन्या बंद पडल्या. लष्कराच्या इस्पितळात त्या हळूहळू पुन्हा चालू झाल्या आणि काका परत कामावर हजर झाले. त्या प्रसंगाबद्दल ते एवढंच म्हणत, "थोडं लागलं होतं."

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्याच किडन्यांनी मान टाकली. आधी पाय सुजले. काकांनी मोठ्या मापाचे बूट आणले आणि कोणाला काही बोलले नाहीत. मग एक दिवस भाजी आणायला गेले आणि दुकानातच चक्कर येऊन पडले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं.

काकू कपडे शिवायच्या. खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन, बाजूला गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे ढीग. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज करायचं त्यांनीच मनावर घेतलं. काका तयार नव्हते.

"अगं, माझे हातपाय शाबूत आहेत. हा भत्ता ज्यांचं काही गेलं त्यांच्यासाठी."

"तुमचं काय राहिलंय ते मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "सही करा."

सही झाली. आजार नोकरीतल्या अपघातामुळेच, हे सैन्याने मान्यही केलं. आता मेडिकल बोर्डाने तपासून अपंगत्व किती ते ठरवायचं होतं. त्या दिवशी काकांनी शर्टाला कडक इस्त्री केली, बुटांना असं पॉलिश केलं की आरसा नको. बोर्डासमोर कणा ताठ करून उभे राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतो?" काका म्हणाले, "ठणठणीत आहे, साहेब." जिने? चढतो. झोप? लागते. चालणं? रोजचं आहे.

बोर्डाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि अपंगत्वाची सगळ्यात खालची पायरी दिली.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मुलगी बघायला आले होते का ते? एवढं नटून गेलात!"

काकांना कळत नव्हतं आपलं काय चुकलं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि आपण खोटं बोललो असं त्यांना वाटतही नव्हतं.

ते त्यांना कळलं डायलिसिसच्या खोलीत. शेजारच्या खुर्चीवर बिगुलवाला असायचा. पलटणीत बिगूल वाजवायचा, सुरुंगात एक पाय गेला, आणि पुढे मधुमेहाने किडन्या गेल्या. तोंड मात्र बिगुलासारखंच चालू. काकांनी हकिगत सांगितली तसा तो इतका हसला की यंत्र बीप-बीप करायला लागलं आणि नर्स धावत आली.

"दादा," तो म्हणाला, "परेडवर साहेब विचारायचे, काही तक्रार? तेव्हा काय म्हणायचात?"

"काही नाही, साहेब."

"तेच इथे म्हणालात. अहो, ती परेड संपली!"

अपील दाखल झालं. घरी तालीम सुरू झाली. काकू गळ्यात मापाची टेप अडकवून डॉक्टर व्हायच्या. "सांगा, थकवा येतो?"

"थोडा."

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे… चालतं."

"हे बघा, तुम्ही असंच बोलणार असाल तर मी तुमच्याऐवजी माझ्या शिलाई मशीनला घेऊन जाते. ते निदान कुरकुरतं तरी."

काका हसले, पण त्यांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघाला नाही.

दुसऱ्या बोर्डावर एक डॉक्टरीणबाई होत्या, मध्यम वयाच्या, आवाज शांत. घरच्या माणसाला सोबत बसता येईल, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. काकू मागच्या खुर्चीवर बसल्या. बाईंनी काकांच्या दंडावरच्या, डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने फुगवलेल्या शिरेवर बोट ठेवून थरथर पाहिली, पायाची सूज दाबून पाहिली आणि विचारलं, "चालताना मध्ये थांबावं लागतं का?"

"नाही," काका म्हणाले. लगेच. जिभेवर ठेवल्यासारखं.

काकूंना राहवलं नाही. "डॉक्टर, मी बोलू?" बाईंनी मान हलवली. "हे कोपऱ्यापर्यंत जातात आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधतात. मग दवाखान्याच्या भिंतीशी पुन्हा बांधतात. जिन्यात प्रत्येक मजल्यावर बांधतात. मी शिवणारी बाई आहे, मला गाठ कळते. एकदाही सुटलेली नसते ती."

काका मान वळवून बायकोकडे बघत राहिले. इतके दिवस ती पुढे चालत होती, तिच्या लक्षात आलं नाही असंच त्यांना वाटत होतं. ती बघून न बघितल्यासारखं करत होती, हे त्यांना आत्ता कळलं.

"खरं आहे का हे?" बाईंनी विचारलं.

काकांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "हो, डॉक्टर." मग स्वतःहूनच म्हणाले, "तहान फार लागते. पाणी मोजून प्यायचं असतं. नात सुट्टीला आली की बाटली तोंडाला लावून घटाघटा पिते. मी तेव्हा गॅलरीत जातो. पोरीला वाटतं आजोबा रागावले."

एकदा सुरुवात झाली आणि मग ते सांगत गेले. डायलिसिसहून आल्यावर डोळे उघडे ठेवता येत नाहीत. आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून खुर्चीत झोपतो. पायांत गोळे येतात. हे सगळं सांगताना आवाज चढला नाही की पडला नाही. बाई लिहीत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "पहिल्या बोर्डाला हे का नाही सांगितलं?"

"कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं," काका म्हणाले. मग लगेच म्हणाले, "नाही, विचारलं होतं त्यांनी. मलाच सांगता आलं नाही."

बाहेर आल्यावर काकूंना वाटलं, आता हे चिडणार. चारचौघांत उघडं पाडलं म्हणून. काका बाकावर बसले आणि म्हणाले, "तू पण बस जरा."

अपील मंजूर झालं. भत्ता वाढला आणि डायलिसिसला न्यायला-आणायला गाडी मिळाली. त्या पैशांवर त्यांनी शेजारच्या इमारतीत तळमजल्याची जागा भाड्याने घेतली. काकूंना ती सुरुवातीला अजिबात आवडली नाही. उजेड कमी, सुईत दोरा ओवताना नाकी नऊ यायचे. दार उघडं असलं की येणारा-जाणारा डोकावायचा. पण त्यामुळे गिऱ्हाइकं वाढली. मग काकूंनी दारातच मशीन मांडलं.

मी परवा पँट आखूड करायला दिली होती, ती आणायला गेले. काका खुर्चीत बसून बर्फाचा खडा चघळत होते. चेहरा उतरलेला. "कसं काय, काका?" मी सवयीने विचारलं.

"आज बरं नाही," ते म्हणाले. "बस. तुझी पँट अजून झाली नाहीये, काकूलाही आज कंटाळा आलाय."

"मला कंटाळा नाही आलेला," काकू आतून म्हणाल्या. "दोरा संपलाय."