चाचांनी शिवलेली सीडी

आमच्या मुन्शीचाचांच्या खिशाला पेन नसे, दाभण असे. टोकाला बाटलीचं बूच खोचलेलं. बीडच्या माझ्या वकिली ऑफिसात ते कारकून होते. त्याआधी माझ्या सिनियरांकडे. हातात आलेला कागद ते आधी वाचत नसत. दोन भोकं पाडत, दोरा ओवत, गाठ मारत, मग चष्मा लावत. "सुटा कागद म्हंजी सुटलेलं जनावर," ते म्हणत. "कुणाच्या रानात घुसंल, सांगता येत न्हाई."

ई-फायलिंग सुरू झालं तेव्हा मी स्कॅनर घेतला आणि भिंतीवर अकरा पायऱ्यांची यादी चिकटवली. मी यादीवर चालणारी बाई आहे. दुसऱ्या दिवशी यादी गायब. चाचांनी ती फायलीत शिवली होती.
"चाचा, ती भिंतीवर हवी!"
"पंख्यानं उडाली असती. आता कुठं जातीय?"

दावा ऑनलाइन दाखल झाला की ते विचारत, "पोच?"
"मोबाइलवर मेसेज आलाय."
"शिक्का हाय का त्याच्यावर?"
शिक्का नसे. मग चाचा मेसेजची छापील प्रत घेऊन कोर्टाच्या खिडकीवर जात आणि तिथल्या बाबूचं डोकं खाऊन तीवर शिक्का मारून आणत. त्यांच्या लेखी दावा तेव्हा दाखल होई.

नकलांवर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. झेरॉक्स घेऊन आलेल्या अशिलाला ते परत पाठवत. "नक्कल मुकी असती. असल आणा, अन् ज्याची हाय त्यालाबी आणा."

एका बाजारच्या दिवशी पाटोद्यात मारामारी झाली. कुणाचं तरी डोकं फुटलं आणि फिर्यादीने नाव घेतलं दत्ता टेम्पोवाल्याचं. पोलिसांनी त्याला उचललं आणि प्रकरण माझ्याकडे आलं. दत्ता मारामारीच्या वेळी, संध्याकाळी पाचला, तिकडे धारूरजवळच्या एका पेट्रोल पंपावर होता. पंपाच्या कॅमेऱ्यात तो दिसत होता, मालकाने ते चित्रण सीडीवर भरून दिलं होतं. जामिनाच्या दिवशी सकाळी मी कोर्टाच्या व्हरांड्यात फाइल उघडली. अर्ज आणि प्रतिज्ञापत्राच्या मधोमध सीडी होती. दोन भोकं, पांढरा दोरा, वर घट्ट गाठ.

माझ्या यादीत 'सीडी जोडणे' असं लिहिलं होतं. कशाने, ते लिहिलं नव्हतं.

"चाचा, सीडीला भोकं पाडली?"
"मधी एक व्हतंच की. पन एका भोकात गाठ बसत न्हाई."
"अहो, सगळं चित्रण गेलं! दुसरी प्रत नाही. पंपावरचं यंत्र पंधरा दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं भरतं. आज पंधरावा दिवस. संध्याकाळी पाचला दत्ता पुसला जाणार."

चाचांनी दाभण खिशात ठेवली. समोर बाकावर दत्ताची बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. "बाई, आज सुटतेत ना?" तिने रडत विचारलं. चाचांनी टोपी नीट केली. "कावून रडती पोरी? मी आलोच."

मी त्यांना पेनड्राइव्ह दिला आणि चार ओळींच्या सूचना लिहून दिल्या. ते धारूरच्या जीपमध्ये बसले. मी न्यायाधीशांना विनंती करून प्रकरण शेवटी ठेवून घेतलं. तीनच्या सुमारास फोन आला.
"बाई, तुमची काडी कुठंच बसंना."
"मालकाला विचारा!"
"त्यालाबी ठाव न्हाई. जाऊ द्या, मी बघतो." फोन बंद. नंतर उचलेचनात.

साडेचार वाजून गेले. आमचा पुकारा झाला आणि दार उघडलं. चाचा आत आले. छातीशी शालीत गुंडाळलेलं काहीतरी, खाली लोंबणाऱ्या वायरी. मागे डोक्यावरचं हेल्मेट काढायचं राहून गेलेला एक गृहस्थ.
"हे काय आणलंय?" न्यायाधीश म्हणाले.
"असल हाय, साहेब."
"आणि हे कोण?"
"असलचे मालक. यांच्याच मोटरसायकलवर आलो."

सरकारी वकील उठले. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र नाही, म्हणाले. न्यायाधीशांनी हसू आवरत विचारलं, "यंत्र आलंय, मालक आलाय. आता नकलेचं प्रमाणपत्र कशाला?" यंत्र पडद्याला जोडलं. पंप दिसला, कोपऱ्यात तारीख-वेळ दिसली, आणि टेम्पोच्या चाकात हवा भरता भरता थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून जांभई देणारा दत्ता दिसला. एवढी मोठी जांभई मी पुराव्यात पुन्हा पाहिली नाही. जामीन मिळाला. घड्याळात पाच वाजून गेले होते, पण यंत्र तीनलाच उपटलेलं होतं. त्यात पाच वाजलेच नव्हते. चाचा माझ्या सूचना पाळत बसले असते तर दत्ता त्यांच्या डोळ्यांदेखत पुसला गेला असता.

दत्ताची बायको चाचांच्या पाया पडायला वाकली. ते दोन पावलं मागे सरकले. "पाया कावून पडती? बुडवत व्हतो मीच. इचार बाईंना."
ती माझ्याकडे बघायला लागली. मी फायलीत डोकं घातलं.

पुढे खटल्यातूनही दत्ता सुटला. गेल्या वर्षी चाचांची नजर अधू झाली आणि मुलीने त्यांना धारूरला बोलावून घेतलं. सामान न्यायला दत्ताच टेम्पो घेऊन आला. भाड्यावरून दोघांची चांगली जुंपली.
"चाचा, तुमच्याकडून पैसे घेऊ व्हय?"
"मग मी जीपनं जातो. उतरव खाटलं!"
अखेर डिझेलपुरते पैसे ठरले. मी वस्तू मोजून घेतल्या, दोरी दोनदा तपासली. टेम्पो गेला.

दुपारी मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल होता, दत्ताने लावून दिलेला. पडद्यावर एक मोठा, केसाळ, सुरकुतलेला कान आला.
"बाई, पोचलो. वाटंत पंपावर थांबलो. मालकानं चहा पाजला, पन यंत्रापाशी उभाच ऱ्हायला."
"चाचा, फोन समोर धरा, तोंड दिसू दे."
"आवाज साफ येतुय की. तोंड कशाला? उद्या कुठली तारीख हाय, ते सांगा."
मी त्या कानाला उद्याच्या सुनावण्यांचा सगळा बोर्ड वाचून दाखवला.