सव्वा लिटर

पेणच्या पंपावर डिझेलचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. तेव्हा मी रोह्याच्या एका कंपनीत साहेबांची गाडी चालवायचो. दर आठवड्याला पेणला त्यांची मीटिंग असायची. परत येताना गाडी गार हवी म्हणून ते मला इंजिन आणि एसी तीन-तीन तास चालू ठेवायला लावायचे. एकदा त्यांनी सगळ्या स्टाफसमोर विचारलं, "किलोमीटर तेवढेच, मग डिझेल जास्त कसं? काढून विकतोस काय?" अकरा वर्षांच्या नोकरीत असं कुणी बोललं नव्हतं. पुढच्या खेपेला मी पेणच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, पंपाबाहेर सावलीत इंजिन आणि एसी चालू ठेवून गाडी उभी केली आणि म्हणालो, "साहेब, तासभर बसा. मोजूनच दाखवतो." ते हसत तयार झाले. तासाने पुन्हा टाकी तेवढीच भरली. पंपावरची ताई मीटर बघून म्हणाली, "दादा, सव्वा लिटर बसलं! गाडी तर हलली पण नाय." साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "ठीक आहे, चल, उशीर होतोय." मी विचारलं, "चोर सगळ्यांसमोर म्हणालात, हे पण सगळ्यांसमोर सांगाल ना?" "एवढ्याशा गोष्टीचा इश्यू नको करू," ते म्हणाले. मी चावी त्यांच्या हातात ठेवली आणि एसटी स्टँडकडे चालू लागलो. आता रोह्याशेजारच्या अष्टमी गावात माझी स्वतःची रिक्षा हाय. परवा बाजारात कंपनीतला एक जुना माणूस हसून म्हणाला, "काय, स्वस्तात डिझेल हाय का?" मी रिक्षा बंद केली, खाली उतरलो आणि भर बाजारात त्याला पहिल्यापासून सगळं ऐकवलं.