शेवटून वाचणारी बाई

रक्त तपासणीच्या त्या लॅबमध्ये सगळे तिला गुपचूपताई म्हणत. एकोणीस वर्षं ती मागच्या खोलीत बसली. खोलीला खिडकी नव्हती, पण फ्रिजची घरघर होती आणि तिला तेवढी सोबत पुरायची. काम एकच. रक्ताच्या नळीवरचा नंबर आणि पेशंटच्या अर्जावरचा नंबर जुळतो ना, ते बघायचं. ती नंबर शेवटून वाचायची. सात, शून्य, तीन, आठ. पुढून वाचलं की डोळे आळशी होतात, जे असायला हवं तेच दिसतं, असं तिचं म्हणणं. आठवड्याला एखाददुसरी नळी भलत्याच्या अर्जाला चिकटून यायची. ती बाजूला काढायची, रक्त घेणाऱ्याला हळूच बोलावून नवा नमुना घ्यायला सांगायची. टळलेल्या चुकीचा आवाज होत नाही, त्यामुळे तिच्या कामाचाही कधी झाला नाही.

मग लॅब एका मोठ्या कंपनीने घेतली. आधी भिंतींचा रंग बदलला, मग एचआरच्या मॅडम आल्या. तिशीच्या, गोड बोलणाऱ्या. जुन्या माणसांनी घाबरायचं कारण नाही म्हणाल्या. फक्त एक स्वभावचाचणी द्यायची, मोबाइलवर, घरी बसून, रविवारपर्यंत. एकशेवीस वाक्यं, प्रत्येकापुढे ‘पटतं’ किंवा ‘पटत नाही’. त्यावरून कोण कुठे बसणार ते ठरेल. कोण कुठेच बसणार नाही हेही त्यावरूनच ठरेल, हे मॅडम म्हणाल्या नाहीत. ते रक्त घेणाऱ्याने जिन्यात सांगितलं.

घरात तिच्या पगाराशिवाय दुसरा नेमाचा पगार नव्हता. नवरा गुडघ्यांमुळे चार वर्षं घरी. मुलगी सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या करणारी आणि असल्या चाचण्या कोळून प्यायलेली. रविवारी संध्याकाळी मायलेकी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. नवरा पेपरमागून म्हणाला, मला अठ्ठावीस वर्षांत कळला नाही तो हिचा स्वभाव मोबाइलला अर्ध्या तासात कळणार, धन्य आहे.

पहिलं वाक्य होतं, अनोळखी माणसांशी बोलायला मला आवडतं. दाराची बेल वाजली तरी ही आतल्या खोलीत जाते. तिने ‘पटत नाही’कडे बोट नेलं, तर मुलीने मनगटच धरलं.

“आई, ही खरं बोलायची जागा नाही. मी दोनदा खरं बोलले आणि दोनदा घरी बसले.”

पुढची उत्तरं मुलीनेच दिली. आई मटार सोलत ऐकत राहिली. मला बदल आवडतो, पटतं. गर्दीत मला उत्साह येतो, पटतं. कुणा भलत्याच चुणचुणीत बाईचं लग्न ठरत असल्यासारखं तिला वाटत होतं. एकाहत्तराव्या वाक्याला मात्र तिने मटार खाली ठेवले. झालेलं काम मी पुन्हा तपासून पाहते.

“हे तरी राहू दे गं. हेच तर माझं काम आहे.”

मुलीने समजावलं की पुन्हा तपासणं म्हणजे आत्मविश्वास नसणं, कंपन्या तसंच धरतात. आणि दाबलं, ‘पटत नाही’. सगळ्यात खाली एक चौकोन होता. वरील उत्तरं खरी असून माझी स्वतःची आहेत. तेवढा तिने स्वतःच्या बोटाने दाबला.

दहा दिवसांनी निकाल लागला. गुपचूपताई माणसांत रमणारी निघाली, दडपणाखाली खुलणारी. मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि तिला पुढच्या खिडकीत बसवलं, रिपोर्ट द्यायला. मागच्या खोलीचं काम रक्त घेणाऱ्यांनी जाता जाता बघायचं ठरलं.

खिडकीवर येणारा माणूस घाबरलेला असतो किंवा चिडलेला, बरेचदा दोन्ही. दर पाकिटामागे हसायचं, असा नियम होता. संध्याकाळपर्यंत तिचा जबडा ठणकायचा. महिन्याभरात सकाळी दात घासताना ओकाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पित्ताची गोळी दिली, मग झोपेची. बढती झाली म्हणून मुलीने फोटो काढला होता, तो नवऱ्याने फ्रिजवर चिकटवला. त्यात ती नियमाप्रमाणे हसत होती.

चौथ्या महिन्यात एक गृहस्थ रिपोर्ट न्यायला आले. तिने सवयीने पावतीचा नंबर शेवटून वाचला, मग पाकिटातल्या कागदाचा. मधले दोन आकडे उलटसुलट होते. आडनाव तेच, माणूस दुसरा. साखर साडेतीनशेच्या वर. ती पाकीट घेऊन आत गेली. खरा रिपोर्ट शोधायला अकरा मिनिटं लागली. बाहेर चौदा माणसं उभी होती. तक्रारवहीत तीन तक्रारी झाल्या. पहिली त्याच गृहस्थांची.

मॅडमनी बोलावलं. तिने मन घट्ट करून सांगितलं की नंबर चुकला होता, मागची खोली कुणी नीट बघत नाही, मला तिथे परत पाठवा. मॅडमनी ऐकून घेतलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

“ताई, हे बघा. ‘झालेलं काम मी पुन्हा तपासून पाहते’, तुमचं उत्तर, पटत नाही. मग खिडकीवर तपासत का बसता?”

“ते मी नाही लिहिलं. मुलीने लिहिलं.”

मॅडमचा आवाज आणखी गोड झाला. “मग तुम्ही खोटी माहिती दिलीत, असं मला वर कळवावं लागेल. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. कळवू, की हे उत्तर तुमचंच समजू?”

तिला नवऱ्याचे गुडघे आठवले. परवा मुलीचा करार संपणार होता, तेही.

“माझंच आहे,” ती म्हणाली.

मॅडमना बरं वाटलं. ताई, तुम्हाला ताण आलाय म्हणाल्या, आणि कंपनीचा नवा फॉर्म पुढे केला. ताणाचं कारण निवडायचं होतं. घर, तब्येत, पैसा, स्वभाव. तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. काम त्यात कुठेच नव्हतं. तिने ‘स्वभाव’ निवडलं. श्वासाच्या व्यायामाला तिचं नाव लागलं, दर बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर रांग भराभर सरकली. पावती आली की तिची नजर शेवटच्या आकड्याकडे वळायची, ती उचलून समोरच्या चेहऱ्यावर ठेवायची आणि हसायची. पाकीट देऊन म्हणायची, पुढचे या. बावन्न पाकिटं गेली. कुणाची कुणाला, देव जाणे. वहीत एकही तक्रार नव्हती. मॅडम जाता जाता काचेवर टकटक करून छान म्हणाल्या.

घरी जाताना बसमध्ये तिला पुढची जागा मिळाली. समोरच्या ट्रकचा नंबर ती शेवटून वाचू लागली. चार, शून्य, नऊ, एक. तो वळला, तेव्हा त्याच्या पुढच्या गाडीचा. आपला थांबा मागे पडला, हे तिला तीन थांब्यांनंतर कळलं.