अळणी माती

गावात माणसं असली की किस्से होतात. मधे बरीच वर्षं आमच्यात एक पण झाला नाय, कारण भांडायलाच कोण नव्हतं. आता एवढे साचलेत की सांगून मोकळं झालेलं बरं.

कासू स्टेशनावरनं वर चढलं की आमचं गाव. जो तो पनवेलला नाय तर मुंबईला गेला, आणि जाताना घराची किल्ली माझ्याकडं देऊन गेला. सगळं गाव माझ्या दारामागच्या खिळ्यावर टांगलेलं. शिमग्याला पालखी उचलायला खांदे नाय, म्हणून देव टेम्पोतनं फिरवला. ड्रायव्हर विचारतो, "आजोबा, देव पुढं बसवू का मागं?"

म्हटलं, "पुढं बसव. त्याला पण दिसू दे गावात कोण उरलंय ते."

*

मग खाडीकडं उधाणानं बांध फुटला. शेतात, घरात खारं पाणी. माणसं एका शाळेच्या व्हरांड्यात येऊन पडली. मी घरमालकांना फोन लावले, त्यांचा होकार घेतला आणि पाच-सहा कुटुंबं गावात आणली. किल्ल्या काढल्या तर एक लागंल तर शपथ. सगळी कुलपं गंजलेली. त्यांच्यातला नामा दगड घेऊन पुढं झाला.

"थांब रे, दुसऱ्याचं घर हाय."

"तात्या, आमच्या घरात शिरताना पाण्यानं कुणाला विचारलं नाय."

फोडली कुलपं. किल्ल्या भंगारात गेल्या, खिळा रिकामा झाला.

*

दुसऱ्या दिवशी नामा माझ्या शेतात उतरला. चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकला आणि म्हणाला, "अळणी हाय."

माझं डोकं फिरलं. "बापाची जमीन हाय ती माझ्या, आमटी नाय!"

आठवडाभर त्याच्याशी बोललो नाय. शेवटी त्याची बायको जनी समजवायला आली. "वाखाणली हो त्यांनी. आमच्यात पावसानं मीठ धुऊन माती अळणी झाली, तरच भात पेरतात."

मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

*

ही जनी आमच्या म्हातारीला एकदा म्हणाली, "सुकतीला येते गो."

म्हातारीनं ऐकलं सुकट. कांदा चिरला, कढई ठेवली, मला जेवायचं थांबवलं. दुपार कलल्यावर जनी आली ती हात हलवत.

"सुकट कुठं गो?"

"कसली सुकट? सुकतीला म्हंजे खाडीचं पाणी उतरल्यावर."

"इथं डोंगरात कसलं पाणी उतरतंय? विहिरीचं?"

मी कांदा-भाकर खाल्ली. आता आमची म्हातारीच मला सांगते, "भरतीच्या आत घरी या." जन्मात खाडी बघितली नाय तिनं.

*

यंदाच्या शिमग्याला पालखी त्यांनी उचलली. पण नाचवली कशी, तर लाटेवर होडी डुलावी तशी.

म्हटलं, "हळू रे, देवाला मळमळंल."

नामा म्हणाला, "टेम्पोत नाय मळमळलं?"

*

यंदा खाडीचा बांध परत घातला. पाऊस संपत आल्यावर नामा एकटाच आपलं शेत बघायला गेला. म्हातारीनं दोनदा विचारलं, "आला का?" मी खेकसलो, "मला काय विचारतेस?" ही माणसं गेली तर देव परत टेम्पोत, आणि मी परत राखणदार.

संध्याकाळी आला. डोक्यावर पोतं, वर प्लास्टिक गुंडाळलेलं.

"माती चाखलीस?"

"चाखली."

"मग?"

"झाली अळणी."

मी दारामागच्या खिळ्याकडं बघितलं. म्हटलं, "बरं झालं. पुढच्या पावसात भात चांगला येईल तुझा."

नामानं पोतं ओट्यावर उतरवलं, मान मोकळी केली आणि घरात वाकून बघितलं.

"तात्या, आमच्या इथल्या घराच्या कौलांतनं गळतंय. तुमच्याकडं कोरडी जागा कुठली? वर्षाचं मीठ हाय."