शुक्रवारच्या बागेतलं पांढरं पाखरू

लग्न होऊन मी सोनारीहून उस्मानाबादला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. रझाकारांचे दिवस यायला अजून अवकाश होता. नवरा मुन्सफी कोर्टात कारकून. दिवसभर उर्दू कागदांच्या नकला उतरवायचा आणि संध्याकाळी बोटं चोळत बसायचा. शेजारी एक आपा राहायच्या. त्यांचे मियाँ, मौलवीसाहेब, सरकारी शाळेत फारसी शिकवायचे, मुलं हैदराबादला. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून आपा भिंतीवरून माझ्याशी बोलायच्या.

गावाच्या कडेला सरकारी बाग होती. शुक्रवारी सकाळी ती फक्त बायकांसाठी असे. फाटकाला चटईचा पडदा लावून म्हातारा माळी बाहेर बसून राही. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी आपांनी हाक मारली, "दुल्हन, चल बागेत. पाहुणे आलेत."

मला वाटलं, कुणी बायकामाणसं असतील. बघते तर हौदाच्या काठावर एक परीट पक्षी शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु पळत होता. मी ओरडलेच. सोनारीच्या ओढ्यावर याच दिवसांत ते उतरायचे. हे लई लांबून येतात, असं माझे वडील सांगायचे.

"आपा, हा आमच्याकडचा!"

"तुमच्याकडचा? चार दिवसांपासून आमच्या अंगणात येतो, मी त्याला माझा म्हणतेय," आपा हसल्या.

पाऊण तासात आम्ही बाग पिंजून काढली. लिंबावर हळद्या होता, पिवळाधमक. गवतात डोक्यावर तुऱ्याचा पंखा उघडून एक हुप्प्या चोच खुपसत होता. आपांनी त्याला हुदहुद म्हटलं आणि सुलेमान पैगंबरांचा निरोप्या तो हाच, हेही सांगितलं. माहेर सुटल्यापासून इतकी मी कधी बोलले नव्हते.

परत येताना आपा थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "चार वर्षांमागं याच दिवसांत मी विहिरीजवळच्या चिंचेत एक पाखरू बघितलं. दुधासारखं पांढरं. डोकं काळं. आणि शेपटी हातभर लांब, दोन फिती सोडल्यासारखी. घरी सांगितलं तर हे म्हणाले, पतंगाची शेपटी अडकली असेल. असली पाखरं डोंगरात असतात, उस्मानाबादेत नाहीत. तेव्हापासून दर साल शोधते."

"मग आता दोघी शोधू," मी म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी चिंचेत हालचाल दिसली. काळं डोकं, त्यावर तुरा! पण अंग तांबूस आणि शेपटी आखूड. आपांचा चेहरा पडला.

"नक्को गे, हे न्हाय ते."

"पण डोकं तर तुम्ही सांगितलं तसंच हाय," मी हटून बसले. "कोंबडा आणि कोंबडी कुठं सारखी दिसतात? ही आली म्हणजे तोही येईल."

आपांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच फारसी शिकवत होते.

तो आठवडा मला जाता जाईना. तिसरा शुक्रवार आला तेव्हा दिवाळी चार दिवसांवर होती. चकल्यांचं पीठ झाकून ठेवून मी तशीच निघाले. आम्ही मेंदीच्या कुंपणाआड बसून चिंचेवर डोळे लावले. मुंग्या चावत होत्या. ऊन वर आलं. वेळ संपली म्हणून माळ्यानं घंटा वाजवली. बाकीच्या बायका उठल्या, मीही उठणार, तोच आपांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की एक बांगडी वाढली.

ते समोर होतं. चिंचेच्या सगळ्यात खालच्या फांदीवर. काळंभोर डोकं, डोळ्याभोवती निळं कडं, बाकी सगळं पांढरंशुभ्र. एक माशी पकडायला ते हवेत झेपावलं आणि त्या दोन फिती मागं लहरत गेल्या. आपांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसतही होत्या.

"दुल्हन, पळ! फाटकावर मला न्यायला हे आले असतील. माळ्याला सांग, यांना आत सोड. फक्त यांना!"

मी पदर सावरत धावले. माळी म्हणाला, "असं कसं बाई, अजून बायका हायेत आत." मी म्हणाले, "बाबा, तुम्ही सोडा, जे होईल ते माझ्यावर." एरवी मी परक्या माणसाशी चार शब्द बोलले नसते. मौलवीसाहेब छत्री हातात घेऊन, खाली मान घालून माझ्या मागून आले. आपांनी बुरखा सारखा केला आणि नुसतं बोट दाखवलं.

त्यांनी वर बघितलं. छत्री हातातून गळून पडली.

"शाह बुलबुल," ते पुटपुटले. मग बायकोकडं वळून म्हणाले, "मी तुमची माफी..."

"चुप! उडून जाईल," आपा म्हणाल्या.

आम्ही तिघं तिथं किती वेळ उभे होतो ते सांगता येणार नाही. बाहेर खोळंबलेल्या पुरुषांनी फाटक वाजवायला सुरुवात केली तेव्हा पाखरू उठलं आणि भिंतीपलीकडं गेलं.

संध्याकाळी मौलवीसाहेब आमच्याकडं आले आणि माझ्या नवऱ्याला सगळी हकिकत त्यांनी स्वतः सांगितली, हातानं शेपटीची लांबी दाखवत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका मला विचारू लागल्या.

पुढच्या शुक्रवारी बागेत पंधरा-वीस जणी. पांढरं पाखरू काही दिसलं नाही. दोघी-तिघी कुरकुरल्या. आपा त्यांची समजूत काढत होत्या, इतक्यात पलीकडच्या ज्वारीतून भोरड्यांचा थवा उठला आणि आख्खा आमच्या लिंबावर उतरला. गुलाबी अंग, काळी डोकी. पानं दिसेनात, एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. कुणी डोक्यावर पदर ओढला, कुणी लेकरू उचलून वर धरलं, आणि आपा झाडाखाली उभ्या राहून सगळ्यांना ओरडून सांगत होत्या, "गप्प बसा गे, बघा, बघा!"