चाळणीची तपासणी

थोरल्या सर्जनना इस्पितळात पाठीमागे सगळे ‘चाळणी’ म्हणत. सहकाऱ्यांच्या फसलेल्या शस्त्रक्रिया तपासणाऱ्या समितीचे ते वर्षानुवर्षे प्रमुख होते. न्याय करणाऱ्याने कुणाच्या ताटाला ताट लावू नये, या समजुतीने ते कॅन्टीनमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवत. पुढे समजूत विरली, भिंत तेवढी राहिली.

यंदा त्यांच्याच शस्त्रक्रियेच्या अधिकाराचे नूतनीकरण आले. नियम त्यांनीच घालून दिलेला: अर्जदाराला अलीकडे काम करताना पाहिलेल्या, बरोबरीच्या सर्जनचे मत हवे. बरोबरीचे काही निवृत्त झाले होते, काही वारले होते. उरलेल्यांना नेमके काम निघाले.

शेवटी ते एका सर्जनबाईंकडे गेले. एकटीने शस्त्रक्रिया करण्यास समितीने त्यांना एकेकाळी मनाई केली होती, आणि तो ठराव सरांनीच वाचून दाखवला होता.

“बाई, माझं काम बघाल?”

“चाळणीवर सुईकडे यायची वेळ आली म्हणायची!” बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “येईन. पण खरं तेच लिहीन.”

“म्हणून तर आलो.”

पित्ताशयाची साधीच शस्त्रक्रिया होती. बाई टेबलाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. आत रक्त साचू लागलेले सरांना उशिरा दिसले. त्याआधी बाईंचा श्वास अडकलेला ऐकू आला. रुग्ण सुखरूप राहिला.

हात धुताना बाई म्हणाल्या, “हात अजून पक्का आहे, सर. नजर मागे पडतेय. एकट्याने नको, सोबत दुसरा सर्जन हवा, असं लिहितेय.”

जवळजवळ हेच शब्द सरांनी तेव्हा ठरावात वाचून दाखवले होते. ऐकणाऱ्याचे काय होते, हा विषय समितीपुढे कधी आला नव्हता.

“त्या दिवशी तुम्ही घरी कशा गेलात?”

“चालत.” बाईंनी नळ बंद केला. “रात्री तुमचा फोन येईल असं वाटलं होतं. वेडेपणा, दुसरं काय!”

सरांनी अट मान्य केली आणि ते चालत घरी गेले. फोन ताटाशेजारी ठेवून जेवले. तो वाजला नाही. आणि त्यात दुसऱ्या कुणाची चूक काढता येण्यासारखे काही नव्हते.