सूर्योदयाआधीची जलेबी

आईचं अर्धं डोकं दुखायला लागलं, तेव्हा माधव नगरातल्या आमच्या घरी नुकतीच केबल आली होती. त्यामुळे पहिला आळ केबलवरच. "दिवसभर टीव्हीला चिकटून बसते, मग काय होणार!" बाबा म्हणाले. आईने टीव्ही सोडला, पण दुखणं काही तिला सोडेना.

शेवटी शेजारच्या भाभींनी अर्धशिशीचं निदान केलं. "आधासीसी है. सूरज निकलने से पहले गरम जलेबी दूध में डालकर खिलाओ. और लाने वाला रास्ते में किसी से बोले नहीं."

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. तरी दुसऱ्या दिवसापासून रोज अंधारातच स्कूटर काढून देवास गेटच्या बसस्टँडवर जाऊ लागले. बसच्या प्रवाशांसाठी तिथे पहिला घाणा लवकर निघायचा. वाटेत कुणी "नमस्ते सरजी" म्हटलं तरी हे तोंड मिटून पुढे. मास्तरांच्या डोक्यात हवा गेली, असं लोक बोलू लागले. मला या सगळ्याचं हसू यायचं. पण उरलेल्या जलेब्या माझ्याच वाट्याला यायच्या, म्हणून मी गप्प.

आई डोक्याला फडकं घट्ट बांधून ते गोड दूध निमूट संपवायची. एकदा म्हणाली, "अगं, बल्बभोवती रंगीत गोल दिसतात मला. फेऱ्यावर फेरे."

"रोज जलेबी खाल्ल्यावर दुसरं काय दिसणार?" मी म्हटलं. तीही हसली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दीड महिन्याने तिने चहा कपाच्या बाहेर ओतला, तेव्हा कुठे आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. "दिव्याभोवती गोल दिसत होते का?" त्यांनी विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आठवत नाही," म्हणाली. उजवा डोळा गेला होता, तो परत येणार नव्हता. डाव्यासाठी थेंब दिले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत स्कूटरचा आवाज आला. बाबा दारात पुडा घेऊन उभे.

"बाबा, आता कशाला?"

ते बोलले नाहीत. नियम मोडायचा नव्हता, की बोलवतच नव्हतं, मला कळलं नाही. त्यांनी जलेबी दुधात घातली आणि वाटी आईपुढे ठेवली.

"द्या, गरम आहे तोवर," आई म्हणाली. तिचा हात वाटीच्या बाजूला गेला. बाबांनी वाटी हळूच सरकवून तिच्या हाताखाली आणली.